फ्रेंचमधील ‘वू’



बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ होते; आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचाही प्रत्येकी एक होता. शाळेत अस्पृश्य म्हणून ज्यांना संस्कृत नाकारली गेली आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली, त्यांनीच पुढे युरोपातील या दोन भाषांचे पहिले धडे गिरवले. परदेशी जाण्याच्या तयारीसाठी फ्रेंच शिकणाऱ्या आम्हा दोघी बहिणींना त्या एका अभ्यासक्रमाचा मोठा आधार वाटत असे.

आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या. पदवीनंतर एका विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात प्रवेश घेतला. ध्येय ठरलेले होते : फ्रान्समधील शाळांत इंग्रजीच्या सहायक शिक्षिका म्हणून सात महिने काम करायचे. पहिला धडा अर्थातच स्वतःचे नाव सांगण्याचा. आम्ही नाव सांगितले, आडनाव सांगितले, आणि मागच्या बाकावरून मराठीत प्रश्न आला, “म्हणजे तुम्ही नेमक्या कोण?” बाईंनी शांतपणे सांगितले, “या वर्गात प्रश्न फ्रेंचमध्येच विचारायचे.” पहिल्याच दिवशी तेवढे फ्रेंच कोणालाही येत नव्हते. प्रश्न तिथेच राहिला.

फ्रेंच आम्हांला वाटली होती तितकी परकी निघाली नाही. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, याचे इंग्रजीवर वाढलेल्यांना नवल वाटते. मराठी माणसाला वाटत नाही. आकड्यांचे तर आश्चर्यच. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार विसा’ आणि नव्वदला ‘चार विसा दहा’ म्हणतात. वर्गातल्या पुष्कळांना ही पद्धत विचित्र वाटली, आम्हांला मात्र आजी आठवली. शाळेची पायरीही न चढलेली आमची आजी मजुरीचे पैसे असेच मोजत असे : “चार विसा आन् धा.” जी मोजणी अडाण्यांची म्हणून हिणवली जाई, ती येथे विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकात छापलेली होती.

सर्वांत खोल गेला तो मात्र सर्वनामांचा धडा. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणजे आपला ‘तू’, आणि ‘वू’ म्हणजे ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’. बाईंनी नियम सांगितला : अनोळखी प्रौढ व्यक्तीला ‘वू’ म्हणावे, मग ती कोणीही असो. आम्ही वहीत ‘कोणीही’ या शब्दाखाली रेघ ओढली. आमच्या आजोबांना गावात दहा वर्षांचा मुलगाही अरे-तुरे करीत असे आणि सत्तरीचे आजोबा त्याला ‘मालक’ म्हणत. तेथे सर्वनाम वयावरून ठरत नव्हते, गुणावरूनही नव्हते; ते जन्मावरून ठरलेले होते.

फ्रान्समध्ये आमची नेमणूक शेजारशेजारच्या दोन लहान गावी झाली. नगरपालिकेच्या दारावर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द कोरलेले होते. सकाळी रस्ता झाडणाऱ्या गृहस्थांना मुख्याध्यापिका ‘बाँझूर, मस्य’ म्हणत, ‘वू’ने त्यांची विचारपूस करीत आणि तेही त्याच ‘वू’ने उत्तर देत. आम्ही दोघी ते रोज पाहत असू.

परंतु दारावर कोरलेले शब्द सर्वांपर्यंत पोहोचतातच असे नाही. उत्तर आफ्रिकी वंशाचे आमचे विद्यार्थी सांगत, की त्यांच्या थोरल्या भावांना रस्त्यात अडवून ‘त्यू’ म्हटले जाते. पोलिसांनी नागरिकांशी ‘वू’नेच बोलावे, हे २०१४ पासून लागू झालेल्या तेथील आचारसंहितेत मुद्दाम लिहावे लागले. तेव्हा बाबासाहेबांचे ३ ऑक्टोबर १९५४ चे आकाशवाणीवरील भाषण आम्हांला नव्याने कळले. आपले तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसने घेतलेले नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतले आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले होते. कायदा ‘वू’ म्हणायला लावू शकतो. त्या ‘वू’मागची मैत्री मात्र माणसाने स्वतःच जोपासावी लागते.

आज ब्रिटनमधील आपल्या काही कुटुंबांतील मुलेमुली विद्यापीठात फ्रेंच घेत आहेत. चार वर्षांच्या पदवीतील तिसरे वर्ष बहुधा परदेशात काढावे लागते. त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. व्याकरण पक्के करा, पण कानही तयार करा. पुस्तकात ‘मला माहीत नाही’ हे ‘झ न से पा’ असते, रस्त्यावर ते ‘शे पा’ असे ऐकू येते. दुकानात काही मागण्यापूर्वी ‘बाँझूर’ म्हणा. ते न म्हणणे तेथे उद्धटपणाचे समजतात. फ्रेंचमधून विद्यापीठीय शिक्षण घ्यायचे असल्यास सामान्यतः बी-२ पातळी लागते, म्हणून परीक्षेची तयारी वर्षभर आधी सुरू करा. आणि पालकांनो, “फ्रेंच घेऊन काय करणार?” असे मुलांना विचारण्यापूर्वी, आपल्या आजा-पणजांना कोणत्या भाषा शिकू दिल्या गेल्या नाहीत, हे त्यांना एकदा अवश्य सांगा.

ज्यांना आमच्या वह्या उपयोगी पडतील, त्यांनी जरूर मागून घ्याव्यात. बाईंचा तो नियम पहिल्याच वहीत आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.