शोनच्या प्रयोगाची वही कोठे आहे?

बुवाबाजीविरुद्ध आम्ही वस्तीवस्तीत बोलतो, विज्ञानाची बाजू घेतो. परवा विहारात एका तरुणाने आम्हांला अडवून विचारले, "काका, शास्त्रज्ञ कधी खोटे बोलत नाहीत का?" बोलतात! हे झाकून ठेवण्यात आपला काही फायदा नाही, म्हणून एक प्रकरण येथे सांगतो.

अमेरिकेत न्यू जर्सी येथे बेल लॅब्ज ही नामांकित प्रयोगशाळा. रेडिओत बसणारा ट्रान्झिस्टर १९४७ साली तिथेच जन्मला. त्याच संस्थेत यान हेंड्रिक शोन हा तरुण जर्मन पदार्थविज्ञान संशोधक होता. २००१ साली त्याने रेणूएवढा ट्रान्झिस्टर बनविल्याचे जाहीर केले. त्या वर्षी सरासरी आठ दिवसांना त्याचा एक निबंध निघत होता. नोबेलची भाषा सुरू झाली.

२००२ साली प्रिन्स्टनच्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅकुएन यांनी त्याचे आलेख शेजारीशेजारी ठेवून पाहिले. प्रयोग वेगवेगळे, आलेख मात्र तेच! मोजताना यंत्राचा काटा थोडा थरथरतोच, आणि ती थरथर दोनदा सारखी येत नाही. येथे तीही हुबेहूब. आम्ही हिशेबातली माणसे. दोघांची प्रवासबिले पैशापर्यंत जुळली की एकाने दुसऱ्याचे उतरवले, हे आम्हांला कोणी सांगावे लागत नाही.

चौकशी समिती बसली. प्रयोगाची वही दाखव म्हटले, तर वहीच ठेवलेली नव्हती. मूळ आकडे? संगणकात जागा नव्हती म्हणून पुसले. नमुने? खराब झाले, फेकले. म्हणजे व्हाउचर नाही, माल नाही, नुसती बेरीज! २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरवर्तन सिद्ध झाले. सप्टेंबर २००२ मध्ये त्याला नोकरीवरून काढले. २००४ साली कॉन्स्टान्झ विद्यापीठाने त्याची डॉक्टरेटही काढून घेतली.

सहलेखक मात्र निर्दोष सुटले. आमचे मन काही त्याने भरत नाही. मूळ कागद न पाहता सही करणारा साहेब आम्ही ओळखतो. वरिष्ठ सहलेखकाने आपली जबाबदारी पुरेशी पाळली का, हा प्रश्न समितीनेही काढलाच.

आम्हांला अधिक वाईट वाटते ते दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांचे. शोनचा प्रयोग आपल्याला का जमत नाही म्हणून ते महिनोन्‌महिने झटत राहिले आणि दोष आपल्याच हातांना देत राहिले. आज आपली मुले-मुली संशोधनाकडे वळत आहेत. त्यांच्या हातावर तर आधीच संशय घेतला जातो.

तथागतांनी कालामांना काय सांगितले? थोर माणूस सांगतो, एवढ्यावरून मानू नका. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, या आणि पाहा. शोनला कोणा देवाने पकडले नाही, असे जवळ येऊन पाहणाऱ्यांनीच पकडले.

आणि आपल्या घरात? बारावीच्या जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या मुलांची वाचने उतरवायची, हा रिवाजच झाला आहे. आमच्या धाकटीने लंबकाचा प्रयोग केला. गुरुत्वाचे उत्तर ९.८ यायला हवे होते, तिचे ९.६ आले. मैत्रिणी म्हणाल्या, खोडून ९.८ कर. तिने ९.६ तसेच ठेवले आणि एक गुण गेला. दोरीची लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायची राहिली होती, हे तिला दुसऱ्या दिवशी तेच आकडे पुन्हा तपासताना सापडले.