उलटी चढणारी मोटार

आमच्या आजोबांच्या संग्रहीं ज्या अनेक गोष्टी होत्या, त्यांपैकीं एक घरांतल्या कोणालाच खरी वाटत नसे. १९२५ सालच्या सुमारास ते चिपळुणाहून कऱ्हाडास फोर्ड मोटारींतून चालले असतां कुंभार्ली घाटाच्या एका उभ्या चढावर मोटार बंद पडली. तेव्हां हांकणाऱ्यानें सर्व उतारूंस खालीं उतरविलें, मोटारीचें तोंड चिपळुणाकडे फिरविलें, आणि ती पाठमोरी घाट चढवून नेली. आजोबा ही गोष्ट सांगूं लागले म्हणजे आजी हंसे, वडील हंसत, आणि मोठ्यांचें पाहून आम्ही मुलेंही हंसत असूं. आजोबा मात्र दर वेळीं तीच गोष्ट त्याच शब्दांत, एक अक्षर इकडचें तिकडे न करतां, सांगत. ते वारले तेव्हां आम्ही बारा वर्षांचे होतों. गोष्ट थाप म्हणूनच घरांत राहिली.

पुढें मॅट्रिक होऊन, पाठशाळेंत चार वर्षें व्याकरण घोकून, आम्ही तालुक्याच्या एका शाळेंत संस्कृत शिकवूं लागलों. १९८८ सालीं आठवीच्या वर्गास अतिशयोक्ति समजावून सांगतांना आम्हीं आजोबांची ती मोटार उदाहरणादाखल पुढें केली. वर्ग पोटभर हंसला. एक मुलगा मात्र हंसला नाहीं. गांवांत मोटारी दुरुस्त करणाऱ्याचा तो मुलगा. विभक्तिप्रत्ययांत सदा अडखळणारा. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, हे खरं असेल. टाकी खालच्या अंगाला असली तर चढावर पेट्रोल पोचत नाही.” ज्याला ‘राम’ शब्द धड चालवितां येत नाहीं, त्यानें आमची चूक दाखवावी हें आम्हांस सहन झालें नाहीं. “गाढव पाठमोरें हांकल्यानें त्याचा घोडा होत नाहीं,” असें कांहींसें बोलून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. वर्ग पुनः हंसला.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचें कारण असें. २०२४ सालच्या जून महिन्यांत आम्ही उभयतां आमच्या कन्येकडे अमेरिकेंत मिशिगन राज्यांत गेलों होतों. तिचें घर डेट्रॉइटपासून तासाभराच्या वाटेवर, शेतांच्या कडेस आहे. शेजारीं ऐंशी उलटलेले एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यांत काम करून ते निवृत्त झाले असून, त्यांच्या कोठारांत वडिलांपासून आलेली १९२३ सालची एक उघडी फोर्ड मोटार आहे. एके दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं ती अंगणांत काढली आणि आम्ही कुंपणाशीं जाऊन उभे राहिलों. पुढचे तीन आठवडे आमची संध्याकाळ तेथेंच जाऊं लागली.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं या मोटारीचें चित्र पाहिलें असेल. हेन्री फोर्ड यानें १९०८ सालीं ती ‘मॉडेल टी’ या नांवानें बाजारांत आणली, आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत गाडीचा सांगाडा सरकत न्यावा व कामगारांनीं जागच्या जागीं उभें राहून त्यावर एकेक भाग जोडावा, अशी पद्धति सुरू झाली. त्यामुळें सांगाडा जोडण्यास पूर्वीं जे साडेबारा तास लागत, ते वर्षभरांत दीड तासावर आले. प्रारंभीं या गाडीला ८५० डॉलर पडत. १९२५ सालीं तिचाच दोन माणसांचा प्रकार २६० डॉलरांस मिळूं लागला, आणि मोटार श्रीमंताच्या दारांतून शेतकऱ्याच्या दारांत आली. हिंदुस्थानांत येणाऱ्या गाड्या पुष्कळशा फोर्डच्या कॅनडांतील कारखान्यांतून येत. हा सर्व इतिहास ग्रंथांत सांपडतो. परंतु ती गाडी चालवितांना काय वाटतें, हें ग्रंथांत सांपडत नाहीं.

प्रथम चढावें कोठून हाच प्रश्न. चालकाच्या बाजूस दाराची आकृति आहे, पण दार नाहीं. पत्र्यावर नुसती रेघ उठविली आहे. दुसऱ्या बाजूनें चढावें व सरकत सरकत आपल्या जागीं यावें. पेट्रोल दाखविणारा कांटा नाहीं. बैठकीची गादी उचलावी, खालच्या टाकीचें झांकण काढावें व लांकडी पट्टी आंत बुडवून पाहावी. तेल पाहण्यास गाडीखालीं वांकावें लागतें. तेथें दोन लहान तोट्या आहेत. दोहोंच्या मध्यें तेलाची पातळी असली म्हणजे ठीक. पाणी फिरविण्यास पंप नाहीं. तापलेलें पाणी आपोआप वर चढतें व निवालेलें खालीं येतें, एवढ्यावर एंजिन थंड राहतें.

मग हँडल. सुकाणूच्या चाकाखालीं दोन दांड्या आहेत, उजवी पेट्रोलाची व डावी ठिणगीची. ठिणगी उशिरा पडेल अशी डावी दांडी वर सारून ठेवावी आणि मगच हँडलास हात लावावा. विसरल्यास एंजिन उलटा झटका देतें व मनगट मोडतें. अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवून, डाव्या हातानें, हँडल खालून वर ओढावें. हे सर्व विधि शेजाऱ्यांनीं आम्हांस संध्येतल्या आचमन-प्राणायामाच्या क्रमानें शिकविले. येथेंही क्रम चुकला तर फळ नाहींच, उलट प्रत्यवाय आहे. एंजिन लागलें कीं पुढच्या पेटींतल्या चार कॉइल मधमाश्यांसारख्या गुणगुणतात. ठिणगीची दांडी हळूच खालीं ओढली म्हणजे एंजिनाची धडधड एका लयींत येते. थंडीच्या दिवसांत मात्र तेल घट्ट होऊन क्लचच्या चकत्या एकमेकींस चिकटून राहतात, आणि गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर चाल करून येते. म्हणून हिवाळ्यांत लोक मागचें एक चाक जमिनीवरून उचलून ठेवीत आणि मग हँडल मारीत.

पायाशीं तीन पेडल आहेत, आणि तेथेंच आमची फजिती झाली. आम्ही वीस वर्षें मारुती चालविली आहे. डावें पेडल दाबलें कीं गाडी एंजिनापासून सुटते, हें आमचा पाय झोंपेंतही विसरणार नाहीं. या गाडींत डावें पेडल पुरतें दाबलें कीं ती पहिल्या, जोरकस गतींत चालूं लागते. अर्धें सोडलें कीं मोकळी होते. आणि पुरतें सोडलें कीं वेगाच्या गतींत जाते. मधलें पेडल मागें नेण्याचें. आणि जेथें आपण वेग वाढविण्यास पाय ठेवतों, तेथें ब्रेक! गिअर बदलण्यास दांडीच नाहीं, कारण दांतेरी चाकें एकमेकांत सरकवावयाचीं नाहींत. सूर्याभोवतीं ग्रह फिरावेत तशीं लहान चाकें मधल्या चाकांभोवतीं सदा गुंतलेलीं असतात, आणि पेडल दाबलें कीं आंत एक पट्टा एका ढोलास आवळून धरतो, एवढाच सगळा व्यापार.

तिसऱ्या दिवशीं शेजाऱ्यांच्या शेतांतल्या वाटेवर आम्ही चालकाच्या जागीं बसलों. पन्नास पावलें नीट गेलों. पुढें कुंपण आलें तेव्हां घाबरून आम्हीं, मारुतींत जें केलें असतें तेंच केलें: दोन्हीं पायांनीं डावें व उजवें पेडल एकदम दाबलें. ब्रेक लागला खरा, पण गाडी पहिल्या गतींत एंजिनाच्या जोरानें पुढें रेटूं लागली. आम्ही डावा पाय अधिकच रोंवूं लागलों. शेजाऱ्यांनीं आमच्या पुढ्यांतून हात घालून डावीकडची हाताची दांडी मागें ओढली, तेव्हां कुंपण दोन हातांवर राहिलें होतें. ते रागावले नाहींत. म्हणाले, “तुमचा पाय चांगला शिकलेला आहे, तो दुसऱ्या शाळेंत शिकला आहे, इतकेंच.” आणि पुनः पहिल्यापासून सांगूं लागले. त्या संध्याकाळीं आम्हीं गाडी सात वेळां बंद पाडली, आणि ते सातही वेळां हँसल्याखेरीज खालीं उतरून हँडल मारून आले. शिक्षक म्हणून तीस वर्षें काढलेल्या आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

हात बसल्यावर त्या गाडीची गोडी कळूं लागली. बैठक उंच, शेताच्या कडेचें गवत पायाखालीं दिसतें. पहिल्या गतींत गाडी रडक्या सुरांत ओरडते. पेडल सोडलें कीं एकाएकीं तो सूर थांबतो आणि वाऱ्याचा आवाज ऐकूं येतो. ताशीं पंचवीस मैल वेग पन्नासांसारखा वाटतो. चाक जरासें फिरविलें कीं गाडी लगेच वळते, म्हणून हात सैल सोडून चालत नाहीं. पुढें एक व मागें एक अशा दोनच आडव्या कमानी आहेत. खांचखळग्यांत पुढचा आंस एकीकडे व मागचा दुसरीकडे कलतो, तरी चाकें जमीन सोडीत नाहींत. अमेरिकेंतले त्या वेळचे रस्ते म्हणजे चिखलाच्या वाटा; ही गाडी त्यांच्यासाठींच घडविलेली. उणिवाही तशाच. दिव्यांस वीज एंजिनाच्या चाकावरील लोहचुंबकांपासून मिळते. म्हणून वाट वाईट आली व वेग कमी केला, म्हणजे नेमका त्याच वेळीं उजेड मंदावतो. पायाचा ब्रेक चाकांस न लागतां गिअरच्या ढोलास लागतो. त्याचा पट्टा झिजूं नये म्हणून जाणते लोक कधीं कधीं मागें जाण्याचें पेडल दाबूनही गाडी थोपवीत.

आमची कन्या एकदां हंसून म्हणाली, “बाबा, माझ्या गाडीला दोनच पेडल आहेत, आणि गिअर तिचे तीच बदलते.” शेजारी म्हणाले कीं, तिच्या गाडींतल्या डब्यांतही तींच ग्रहचक्रें आहेत. आणि तें खरें. फोर्डनें १९२७ नंतरच्या नव्या गाडींत ही रचना टाकून सरकत्या चाकांचे गिअर घेतले. परंतु १९४० च्या ओल्ड्समोबील गाडींत ‘हायड्रामॅटिक’ या नांवानें जी आपोआप गिअर बदलणारी योजना आली, तींत ग्रहचक्रें पुनः आलीं. फरक इतकाच कीं, पट्टा केव्हां आवळावा हें पूर्वीं माणसाच्या पायास ठाऊक असावें लागे. तें ज्ञान आतां यंत्रानें आपल्याकडे घेतलें.

निघण्याच्या आदल्या आठवड्यांत आम्हीं भीत भीत शेजाऱ्यांस आजोबांची गोष्ट सांगितली. ते हंसले नाहींत. त्यांनीं गादी उचलून पट्टी बुडविली. पेट्रोल थोडेंच होतें. मग गाडी शेतामागच्या टेकाडावर अर्ध्या चढापर्यंत नेली आणि हाताचा ब्रेक ओढून एंजिन चालू ठेवून ते स्वस्थ बसले. थोड्या वेळानें एंजिनानें चार उचक्या दिल्या व तें थांबलें. “पेट्रोल ढकलणारा पंप या गाडीला नाहीं,” ते म्हणाले. “टाकी आपल्या खालीं, एंजिन पुढें. पुढचें तोंड वर झालें कीं टाकी खालीं जाते. पेट्रोल चढ कसा चढेल?” गाडी खालीं घरंगळत नेऊन त्यांनीं तिचें तोंड उताराकडे केलें, हँडल मारलें, आणि मधलें पेडल दाबून ती पाठमोरी त्याच चढावर माथ्यापर्यंत चढविली. मागें जाण्याची गति पहिल्या गतीहूनही जोरकस असते, हाही लाभ होताच. आम्ही खालीं गवतांत उभे होतों. साठ वर्षें ज्यास थाप म्हटलें, तें डोळ्यांपुढें चढून गेलें.

परत आल्यावर आम्ही त्या गॅरेजांत गेलों. तो मुलगा आतां पन्नाशीस टेकला आहे. वडिलांचें दुकान तोच चालवितो. आम्हीं उभ्या उभ्याच सारी हकीकत सांगितली आणि म्हटलें, “तुझें म्हणणें बरोबर होतें. आम्हीं वर्गापुढें तुझें हंसें केलें, ही आमची चूक. ती कबूल करण्यास छत्तीस वर्षें लागलीं.” त्यानें फडक्याला हात पुसले. तें त्यास आठवत होतें. “मला वाटलं होतं गुरुजी, तुमचे आजोबा खरं बोलत होते म्हटल्यावर तुम्हांला आनंद होईल,” तो म्हणाला. “त्यानंतर मी वर्गात कधी बोललो नाही, एवढंच.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. असता तर आम्हांस अधिक सोपें गेलें असतें.

मग त्यानें स्टूल पुढें केलें, चहा सांगितला आणि विचारलें, “टाकी बैठकीखालीच ना? आणि पाण्याला पंप नाही म्हणता, मग घाटात पाणी उकळत नसेल?” आम्हांस ठाऊक होतें तें आम्हीं सांगितलें, जेथें अडलों, तेथें त्यानें फरशीवर खडूनें आकृति काढून आम्हांसच समजावून दिलें.

आजोबांची गोष्ट आतां आम्ही नातवंडांस सांगतों. तीं हंसतात. आम्ही त्यांस हंसूं देतों, आणि मग त्या मोटारीची टाकी कोठें होती तें सांगतों.