विस्तव घरात असावा, असं मी म्हणत आले

घरात विस्तव असावा, हे माझं जुनं आणि ठाम मत होतं. विस्तव म्हणजे लाकडाचा नाहीतर कोळशाचा, फुंकर मागणारा आणि मागे राख ठेवणारा. गॅसचा निळा जाळ मी त्यात धरतच नव्हते. लालबागच्या चाळीत वाढलेली बाई असं म्हणते म्हटल्यावर माणसं हसायची, कारण धुराला कंटाळून सिलिंडरची वाट बघत बसलेली पिढी आमचीच. पण मला शेगडी पेटवायला मनापासून आवडायचं आणि ती चांगली पेटवता यायची. हा तोरा लपवण्यात अर्थ नाही. पुढचा सगळा हट्ट त्यातूनच आला.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका वेळी तीन-चार इंधनं नांदत होती. रॉकेल रेशनवर, तेही रांगेत उभं राहून, म्हणून स्टोव्ह फक्त सकाळच्या चहापुरता. वरणभाताला कोळशाची शेगडी. पाटीच्या तळाशी उरलेला चुरा टाकायचा नाही, शेणात नाहीतर मातीत कालवून त्याचे गोळे वळायचे आणि गॅलरीत वाळवायचे. वखारीतून भुसा मिळाला की मग भुशाची शेगडी, आणि ती भरणं हे माझं खास काम. पत्र्याच्या डब्याला खाली एक भोक. त्यातून दांडा आडवा सरकवायचा, मधोमध रिकामी बाटली उभी करायची आणि दोहोंभोवती भुसा ठासून ठासून भरायचा. मग बाटली आणि दांडा हलक्या हाताने, फिरवत फिरवत काढून घ्यायचे. भुसा सैल राहिला तर आतला बोगदा ढासळतो आणि खोलीभर नुसता धूर. नीट ठासला तर खालून हवा, वरून जाळ, आणि उसळ शिजून वर पाणी तापेपर्यंत तिच्याकडे बघायला नको.

मोरीशेजारी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. करवंट्या, चिपाडं, फळांच्या खोक्यांच्या फळ्या, त्याला काहीही चालायचं. जाळाची ऊब इतकी कमी वाया घालवणारं दुसरं साधं यंत्र मी पाहिलं नाही. हे मत मात्र आजही बदललेलं नाही.

आणि हे सगळं चालायचं गॅस कंपनीच्या आसपास! दगडी कोळशापासून गॅस काढून मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे पेटवणारी बॉम्बे गॅस कंपनी 1860 च्या दशकातली. तिचा कारखाना लालबागेतच होता. स्वयंपाकाचा सिलिंडर बर्मा शेलने 1950 च्या दशकात मुंबईत आणला, पण आमच्या मजल्यावर तो पोचायला पुढे बराच काळ गेला.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला. बंब मी भंगारवाल्याला दिला नाही. नव्या घराच्या बाल्कनीत तो बसवायचा, दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पेटवायचा आणि जमलं तर रोजच, असा माझा बेत होता. मुलगा म्हणाला, "आई, सोसायटीची नोटीस येईल." नोटिशीला मी कधीच भ्याले नाही. माझे मुद्दे तयार होते. लाकूड पुन्हा उगवतं, गॅस उगवत नाही. आणि गिरण्यांच्या चिमण्यांखाली वाढलेल्या माणसांचं एक बंब काय वाकडं करणार?

मत हललं ते बंबामुळे नाही, बाळंतिणीच्या शेगडीमुळे. भाची बाळंत होऊन आमच्याकडे आली. पावसाळ्याचे दिवस. शेकशेगडी हवीच, असा माझाच आग्रह. निखारे फुलवले, ओवा, वावडिंग, बाळंतशोपा काढून ठेवल्या. आमच्या भागात वर्षानुवर्षं बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणारी मालीशवाली बाई आली, खोलीकडे एकदा बघितलं आणि दारातच थांबली. "ताई, आधी खिडकी उघडा. चाळीत दार कधी लागायचं का? इथं सगळं हवाबंद. धूर नाही म्हणून निखारा साधा नसतो." अशाच एका बंद खोलीत बाळंतिणीला आणि तिला स्वतःलाही गरगरलं होतं, हे तिने शेगडी बाल्कनीत नेऊन ठेवल्यावर सांगितलं.

मला राग आला. निखाऱ्यातलं मला कुणी शिकवावं? म्हणून डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. हवा पुरेशी नसली की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. म्हणजे धुराची चूल निदान ठसका आणून माणसाला बाहेर तरी काढते, लालबुंद फुललेली शेगडी तेवढंही करत नाही. धूर संपला की शेगडी 'आत न्यायला झाली' असं आम्ही मानायचो. आमच्या कौशल्याचा सगळा मान त्या एका क्षणावर होता.

मग धुराचंही बघितलं. परळच्या केईएममध्ये डॉ. एस. आर. कामत यांनी 1977 पासून मुंबईची हवा आणि मुंबईकरांची फुप्फुसं यांचा अभ्यास केला होता. मी त्या रुग्णालयावरून आयुष्यभर जा-ये केली आणि मला ते ठाऊक नव्हतं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेला हिशेब तर डोक्यातून जाईना. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, आणि लाकूड, शेण, काडीकचऱ्याच्या धुरात श्वास घेणारे सुमारे 300 कोटी. आयुष्यात बिडी न ओढलेल्या बायकांना दम्यासारखा चिवट फुप्फुसविकार का होतो, याचं उत्तर त्यात आहे. आमच्या मजल्यावरच्या किती जणींच्या खोकल्याला आम्ही 'वय झालं' म्हणालो होतो!

बंबाचा बेत मग आपोआपच तपासला गेला. धुराडं छपराच्या वर जायला हवं. टॉवरमध्ये माझं छप्पर म्हणजे वरच्या घराची जमीन, आणि माझा धूर त्यांच्या खिडकीत. चाळीची गॅलरी मजलाभर मोकळी असायची, दादरच्या समुद्रावरून निघालेला वारा तिथे पोचायचा. त्या वाऱ्याने आमचे बरेच अपराध वाहून नेले असणार.

आणि जाळायचं काय? वखारी गेल्या. आज शहरात फुकट मिळतं ते मोडलेलं फर्निचर, प्लायवुड, सनमायका, रंगवलेल्या चौकटी. त्यात डिंक, रसायनं, जुन्या रंगात शिसंही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं तेव्हा मी तावातावाने बेकरीवाल्यांच्या बाजूने बोलत होते. ब्रुन पावाची खरपूस कड मला प्रिय आहे, अजूनही. पण बऱ्याच भट्ट्यांत हेच भंगार लाकूड जात होतं, हे कळल्यावर त्या भांडणातली माझी बाजू राहिली नाही. छोट्या बेकरीवाल्याला बदलाचा खर्च झेपावा एवढीच मागणी उरली.

लाकडाचा विस्तव वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. कोकणात अंगण असेल, न्हाणीघर घरापासून सुटं असेल, तर बंब खुशाल पेटवा. लाकूड फोडून निदान एक उन्हाळा वाळलेलं हवं. ताज्या तोडलेल्या ओंडक्याच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असतं आणि ते उकळवण्यात जाळ खर्ची पडतो. चूल हवी असेल तर धुराड्याची सुधारित चूल घ्या. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मंडळींनी, त्यावर पुष्कळ काम केलं आहे. फक्त धुराड्यातली काजळी वेळच्या वेळी काढा, नाहीतर धूर पुन्हा स्वयंपाकघरातच उतरतो.

बंब मी गावच्या भावाला देऊन टाकला. मुंबईत बंद खोलीत कोळसा पेटवायला माझा आता साफ विरोध आहे, मग ते बाळंतिणीसाठी असो, धुपासाठी असो की बाल्कनीचं दार लावून केलेल्या बार्बेक्यूसाठी. ज्या घरांत शेकशेगडी अजून होते, तिथल्या आज्या-मावश्यांना एवढंच सांगणं: शेक द्यायचाच तर गरम पाण्याची पिशवी आहे. आणि शेगडी पेटलेल्या खोलीत कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, गरगरलं, तर दृष्ट काढत बसू नका. आधी बाळाला आणि आईला उघड्यावर आणा, मग शेगडीचं बघा.