नाक्सोस बेटावरचा श्रावण

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या सामानात पासपोर्टाच्या खालोखाल महत्त्वाची वस्तू म्हणजे फराळाची पिशवी. 2025 च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता ग्रीसला निघालो तेव्हा सौ.ने खाकरे, मेतकूट, दाण्याची चटणी आणि राजगिऱ्याच्या वड्या असा आठ दिवसांचा शिधा बांधून घेतला होता. माझा भाचा जहाजावर इंजिनियर आहे. त्याचे जहाज दुरुस्तीसाठी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात आले होते आणि "मामींना घेऊन याच" असे त्याचे आग्रहाचे बोलावणे होते. कॉलेजातून रजा कशीबशी मिळाली. पण श्रावण लागलेला, आणि सौ. तर जन्माची शाकाहारी. "तिथे मी काय खाणार?" या तिच्या प्रश्नावर मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, "ती काळजी माझ्याकडे लागली!"

ती काळजी मी कशी वाहिली, ते आता सांगतो.

भाच्याला सुट्टी नव्हती. त्याने आम्हां दोघांनाच एका रविवारी सकाळी बोटीत बसवून दिले आणि पाच-साडेपाच तासांनी आम्ही नाक्सोसला उतरलो. सिक्लादीस द्वीपसमूहातले हे सर्वांत मोठे बेट. बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला एक प्रचंड संगमरवरी चौकट दिसते. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात येथे अपोलोचे देऊळ बांधायला घेतले, ते पुरे झालेच नाही. आज दार तेवढे उभे आहे, आणि त्यातून पलीकडचा निळा समुद्र दिसतो. ते पाहून सौ. इतकी हरखली की मीही प्रवासाचा शीण विसरलो.

संध्याकाळी बंदरावर जेवायला गेलो. समुद्राकाठी खाणावळींची रांग, दारात रंगीत छायाचित्रांचे फलक आणि "या, या" म्हणणारी माणसे. एका चित्रात द्राक्षाच्या पानांच्या हिरव्यागार वळकट्या दिसल्या. "वेलीची पाने आणि आत भात," मी सौ.ला समजावून सांगितले आणि ताट मागवले. तिने पहिला घास घेतला आणि ती थांबली. आत खिमा होता.

ती काही बोलली नाही. तिने घास रुमालात टाकला, चूळ भरली आणि काळोखातल्या समुद्राकडे पाहत बसून राहिली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते. खोलीवर आल्यावर तिने एवढेच विचारले, "तुम्ही त्यांना विचारलं होतंत का?"

मी विचारले नव्हते. वीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि मी मात्र चित्रावर! दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. दिवसभर तिने कलिंगड आणि अंजिरांवर काढले, रात्री मेतकूट लावून खाकरा खाल्ला आणि उपास सोडला. मीही तेच खाल्ले. दुसरे काही मागण्याचा मला अधिकारच नव्हता.

त्या खाणावळीची यात काहीच चूक नव्हती. या वळकट्या दोन प्रकारच्या असतात. बिनमांसाच्या वळकटीला 'यालांजी' म्हणतात. शब्द मूळचा तुर्की, अर्थ 'खोटारडी'. आत मांस असल्याचा आव आणते म्हणून! भरल्या टोमॅटोत नुसताच भात असला तर ते 'ओरफाना', म्हणजे पोरके. मराठीच्या मास्तराला भुरळ घालावी असे हे शब्द. पण मला ते ताट पुढे येऊन गेल्यावर कळले.

मंगळवारी सकाळी घरमालकीणबाईंनी टेबलावरचे खाकरे पाहिले आणि मोडक्या इंग्रजीत चौकशी केली. मी आमची कर्मकथा सांगितली. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "निस्तिया? आमचाही उपासच चाललाय!" मग कळले की 15 ऑगस्टला तिकडे मेरीमातेचा मोठा सण असतो आणि त्याच्या आधी, 1 तारखेपासून, उपास धरतात. मांस, अंडी, दूधदुभते वर्ज्य. मासळीही एखादा दिवस सोडला तर नाही. सगळेच ग्रीक तो काटेकोर पाळतात असे नव्हे, पण स्वैपाकघरांना त्याची सवय असते. बाईंनी एका चिठ्ठीवर ग्रीक अक्षरांत एकच शब्द लिहून दिला: 'निस्तीसिमो', उपासाला चालणारे.

ती चिठ्ठी खिशात घालून आम्ही बसने आतल्या बाजूच्या हाल्की गावी गेलो. वाटेत डोंगरउतारांवर ऑलिव्हची गर्द झाडी. गावात एका झाडाखाली चार टेबले मांडलेली एक ताव्हेर्ना होती. दारात चित्र नाही की हाका मारणारा माणूस नाही. मी चिठ्ठी पुढे केली. आजीबाईंनी ती वाचली, सौ.कडे पाहिले आणि सरळ तिचा हात धरून तिला आत स्वैपाकघरात नेले. भांड्यात डोकावून जेवण ठरवायची तिकडे जुनी रीत आहे.

दोन मिनिटांत आतून हाक आली, "अहो, लौकर या! इथे माठ आहे!"

खरेच माठ होता. त्याला ते 'व्लीता' म्हणतात. उकडायचा आणि वर ऑलिव्हचे तेल व लिंबू. सॅलडमध्ये आपली घोळ सापडली. तिचे तिकडचे नाव ग्लिस्त्रीदा. परातीत टोमॅटोच्या रसात भाजलेले मोठाले पांढरे पावटे, 'यीगांदेस', म्हणजे राक्षस. 'फावा' नावाचे पिवळे घट्ट वरण, वर कच्चा कांदा. सांतोरिनी बेटावर ते ज्या डाळीचे करतात ती आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण. बटाटे तर नाक्सोसचेच. या बेटाच्या बटाट्यांना भौगोलिक मानांकन आहे. तेलात शिजवलेल्या अशा भाज्यांना 'लादेरा' म्हणतात. फोडणी नाही, हळद नाही, तरी सौ.ने पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली. दोन दिवसांनी तिला पोटभर जेवताना पाहिले आणि माझ्याही घशाखाली घास नीट उतरला.

वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर अनुभवाचे चार बोल सांगतो. बंदराची पहिली रांग सोडून आत दोन गल्ल्या चाला. दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे नऊनंतर, म्हणजे गावची माणसे जेथे बसतात ती जागा आपोआप कळते. पदार्थ मधोमध ठेवून वाटून खातात, तेव्हा एकदम फार मागवू नका. पाव न मागता येतो आणि बिलात लागतो. मासळी खाणाऱ्यांनी ती किलोच्या भावाने असते हे ध्यानात ठेवून आधी वजन करून घ्यावे. कार्डावर पदार्थापुढे फुली दिसली तर तो बहुधा बर्फातला. चीज बेटावरचे 'ग्राविएरा' नामांकित आहे, पण परंपरेने चीज विरजायला वासराच्या पोटातले विरजण वापरतात. कट्टर शाकाहाऱ्यांनी चौकशी करावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, चित्र पाहून मागवू नका, "आज काय शिजलंय?" असे विचारा.

जेवणानंतर आजीबाईंनी न मागता थंड पाण्याचे पेले आणि एका बशीत चमचाभर मुरंबा आणला. पाहुण्याला असा 'चमच्याचा गोडवा' देणे हा तिकडचा पाहुणचार. ही फोड कशाची म्हणून विचारले, तर त्यांनी झाडावरचे जाड सालीचे पिवळे फळ दाखवले. सौ. कोल्हापूरची. तिने ते हातात घेतले, हुंगले, आणि तिचे डोळे पाणावले. "म्हाळुंग! आमच्या अंबाबाईच्या हातातलं!" नाक्सोसला याच झाडाच्या पानांपासून 'कीत्रो' नावाचे मद्य करतात आणि हाल्कीत 1896 पासूनची त्याची भट्टी आहे, पण त्या दिवशी आमच्या दृष्टीने ते देवीचेच फळ होते.

त्यानंतर तीन दिवस आम्ही रोज त्याच झाडाखाली जेवलो. निघताना सौ.ने उरलेले मेतकूट आजीबाईंना दिले आणि ते वरणावर भुरभुरून कसे खायचे ते खुणांनी दाखवले.

पिरेअसला भाचा धक्क्यावर उभा होता. "मामी, जेवणाचे फार हाल झाले का?"

"झाले की," सौ. म्हणाली, "पण पहिल्याच रात्री. मामांनी चित्र वाचलं तेव्हा. पुढे मी स्वतः स्वैपाकघरात गेले."