अंगडे-टोपडे

मनुष्य जगात आल्यावर त्याला मिळणारी पहिली भेट वस्त्राची असते. अन्न आईपाशी असते आणि नाव बाराव्या दिवशी ठेवावयाचे असते. वस्त्र मात्र जन्मल्या घटकेलाच लागते. मौज अशी, की आपल्या जुन्या रिवाजात हे पहिले वस्त्र नवे नसे. आजीच्या लुगड्याचा पदर किंवा आजोबांच्या धोतराचा तुकडा, अशा जुनेरातच बाळ गुंडाळले जाई. त्यात दारिद्र्याचा भाग थोडा आणि अनुभवाचा मोठा होता. शेकडो धुण्यांनी ज्याची खळ आणि ताठरपणा निघून गेला, त्या सुती कापडाइतके मऊ कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांची ऊब बाळाला लागावी, अशी भावनाही त्यामागे असे.

आम्ही इचोड्याची माणसे. आदिलाबाद जिल्ह्यातील हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, पुढे आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. राज्ये बदलली, पाट्यांवरील लिपी बदलली. आमच्या मराठी घरांतील बाळंतविडा मात्र बदलला नाही. अंगडे, टोपडे, झबले, दुपटे, लंगोट आणि कुंची ही त्याची नावे आमच्या आयाबायांच्या तोंडी अजून तशीच आहेत. शेजारी तेलुगू, गोंडी, उर्दू आणि बंजारा बोली बोलणारे लोक राहतात. आम्ही जिला गोधडी किंवा वाकळ म्हणतो, तिला तेलुगू शेजारीण बोंत म्हणते. खाली कर्नाटकात तीच कौदी होते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात कवंदी. तेथील सिद्दी स्त्रिया, ज्यांच्यापैकी पुष्कळजणींची घरची बोली कोकणीच आहे, कडेपासून शिवावयास आरंभ करून मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून फुले बसवितात. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते, असे त्या मानतात. भाषा चार, परंतु धावदोरा एकच!

हा धावदोरा दिसावयास सोपा आहे. खाली अस्तर पसरावे, मध्ये जुन्या लुगड्याचे थर द्यावे, वर रंगीत तुकडे मांडावे आणि बोटाबोटाच्या अंतराने दोरे घालीत जावे. लहान मुलासाठी मीटरभर लांब आणि पाऊण मीटर रुंद गोधडी पुरते. तथापि बाळाच्या शिवणाचे काही नियम आमच्या थोरल्या बायकांनी घालून दिले आहेत, आणि ते आजच्या वैद्यकालाही पटण्यासारखे आहेत. कोरे कापड पाण्यातून काढल्याशिवाय बेतू नये, कारण ते पहिल्या धुण्यातच आटते. अंगड्याची शिवण आणि दोऱ्याची गाठ बाहेरच्या अंगाला ठेवावी; आत राहिली तर कोवळ्या कातडीला रुतते. गुंडीऐवजी बंद लावावे, कारण सुटलेली गुंडी तोंडात जावयास वेळ लागत नाही. मणी, टिकल्या आणि घुंगरू पाहणाऱ्यासाठी असतात, बाळासाठी नव्हेत. यात आजच्या डॉक्टरांनी घातलेली भरही ध्यानात ठेवली पाहिजे: पहिले वर्षभर बाळ निजले असता अंगावर सैल पांघरूण आणि उशाशी मऊ उशी ठेवू नये, आणि कुंचीचे बंद सोडून ती काढून ठेवावी. गोधडी अंगाखाली अंथरावी किंवा मांडीवर घ्यावी; तेवढ्यानेही तिचा मान राहतो.

कुंचीविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारे हे वस्त्र टोपी आणि झूल यांचा संगम आहे. गुळेदगुड्डच्या खणाची कुंची घातलेले मूल मांडीवर आले, की घर उजळते. संक्रांतीच्या बोरन्हाणाला काळ्या कापडाचे झबले शिवून त्यावर हलव्याचे दागिने घालतात. एरवी वर्ज्य मानलेला काळा रंग त्या दिवशी शुभ होतो. आणि देवळातील रामनवमी कोणाला विसरता येईल? दुपारी बारा वाजता पाळणा हलतो, तेव्हा प्रत्यक्ष रामचंद्रही हाती शिवलेल्या अंगड्या-टोपड्यातच निजलेला असतो. ज्याच्या अंगी साऱ्या विश्वाचे प्रावरण, त्याच्यासाठीही आपण वीतभर कापड बेततो!

पण हे सारे आठवून सुखावत असताना एक विसंगती आम्हांस बोचते. इचोड्याच्या चहूकडे काळी माती आहे आणि तीत कापूस पिकतो. दिवाळीच्या सुमारास शेते पांढरी होतात. वेचणीला बाया जातात, आणि ज्यांच्या घरी सांभाळणारे कोणी नसते, त्या तान्ह्या मुलाला बांधावरच्या झाडाला झोळी बांधून निजवितात. वेचलेल्या कापसातून सरकी काढली, की सुमारे एक तृतीयांश रुई उरते. तिच्या गाठी होतात आणि गाठी दूरच्या गिरण्यांना जातात. परत येते ते पुष्कळदा कृत्रिम धाग्याचे चकचकीत कापड. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. जे कापड घाम टिपत नाही, ते अशा दिवसांत तान्ह्या मुलाच्या अंगावर असावे, आणि तेही कापूस वेचणारीच्या मुलाच्या, याचे वाईट वाटल्याखेरीज राहत नाही. सुती लुगडीही घराघरांतून कमी झाली. पॉलिस्टरच्या साड्या फाटत नाहीत हे खरे, परंतु त्यांची गोधडी ऊबही नीट देत नाही आणि घामही टिपत नाही.

यावर कोणी म्हणेल, की गरिबाच्या मुलांना जुने कपडे वाटून टाकावे. वाटावेत, पण येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्या नातवाला आपण जुने लुगडे देतो, तेव्हा ते धुतो, उन्हात वाळवतो, बेततो, शिवतो आणि मग देतो. परक्याच्या मुलाला देताना मात्र तेच लुगडे गाठोड्यात कोंबून देतो. कापड तेच, पण पहिली भेट ठरते आणि दुसरी टाकाऊ. फरक एका सुईचा आहे. ज्या वस्तूवर आपण चार दुपारी घालविल्या, ती देताना देणाऱ्याला मिरवावेसे वाटत नाही आणि घेणाऱ्याला ओशाळे वाटत नाही.

जनाबाईची कथा आपल्या कीर्तनांतून सर्वश्रुत आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरी नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. विठ्ठल तिच्या खोपटात आला आणि परतताना घाईने आपले पदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून गेला. पुजाऱ्यांना पदक दिसेना, म्हणून जनीवर चोरीचा आळ आला. कीर्तनात आपण तिच्या संकटाने कळवळतो आणि वाकळीकडे मात्र दुर्लक्ष करतो. आम्हांस त्या वाकळीचेच अधिक वाटते. दळणकांडण उरकून, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, दुसऱ्यांच्या घरच्या चिंध्या जोडून जनीने ती शिवली असेल. देवाला पदकापेक्षा तिची ऊब अधिक वाटली, यातच सारे आले.

म्हणून आम्हांस असे सुचते, की देवळात भजनाला जमणाऱ्या भगिनींनी पंधरवड्यातून एक दुपार सुईसाठी राखावी. घरोघरच्या पेटाऱ्यांत तळाशी एखादे सुती लुगडे अजून असते; ते स्मृती म्हणून जपले जाते आणि शेवटी कसरीच्या तोंडी जाते. त्यातून दोन दुपटी, एक अंगडे आणि एक लहान गोधडी सहज निघते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी दोरे ओवून घ्यावे, मुलींनी बंद वळावे. शिवलेले धुऊन, उन्हात कडक वाळवून, जवळच्या आरोग्यकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईच्या हाती हळदकुंकवासह ठेवावे. ती कोणत्या भाषेत बोलते, हे विचारण्याची गरज नाही. एक पथ्य मात्र पाळावे: जे आपल्या नातवाला घालवणार नाही, ते तिच्या मुलासाठी शिवू नये. आदिलाबादकडची थंडी कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरते, आणि कापसाची वेचणी त्याच दिवसांत चालू असते. तेव्हा आरंभ पावसाळ्यातच केलेला बरा.