बी नसलेली वेल

राजूरसारख्या गावात शोभेची झाडे हौसेने लावली जावीत, याचे पाहुण्यांना नवल वाटते. चहूकडे सह्याद्री, पलीकडे भंडारदऱ्याचे पाणी. पावसाळ्यात हिरवेपणाची वाण कुणालाच नसते. तरीही घरांच्या खिडक्यांत, दुकानांच्या गल्ल्याशेजारी आणि आमच्या स्टाफरूममधल्या कपाटावर एक वेल हटकून दिसते. मनी प्लांट. तिला रूढ मराठी नाव नाही. चोरून आणली तरच पैसा येतो, ही समजूत मात्र आपण तिला मनापासून दिली आहे.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मूरिआ बेटावरची. कूळ अळू-सुरणाचे, त्यामुळे पानांत तेच खाजरे स्फटिक; मुलांनी वा जनावरांनी ती चघळू नयेत. निगा फारशी लागत नाही. पेराच्या खाली कापलेला तुकडा पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत मुळे धरतो. नुसत्या पानाची वेल होत नाही, पेर हवेच. पाणी आठवड्याला बदलावे. कुंडीत असेल तर वरची माती सुकल्यावाचून पाणी घालू नये. ही वेल तहानेपेक्षा मुळे कुजूनच अधिक दगावते. अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरचे पिवळे पट्टे पुसट होतात, थंडीत वाढ थबकते. कुंडीत तळहाताएवढी राहणारी पाने मोठ्या झाडाच्या खोडावर चढायला मिळाली की हातभर होतात.

आम्हांला विचारात पाडते ती गोष्ट वेगळी आहे. ही वेल फुलत नाही. लागवडीत ती आपोआप फुलल्याची शेवटची ज्ञात नोंद १९६४ सालची आहे. फूल नाही म्हणून बी नाही. घरोघरची वेल म्हणजे तुकड्याचा तुकडा. आणि हे त्याच अकोले तालुक्यात, जिथे कोंभाळणे गावच्या, शाळेत न गेलेल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याला प्रत्येक पिढीत थोडे वेगळे होण्याची वाट मोकळी असते. तुकड्याला ती जवळजवळ नसतेच.

साहित्याच्या वर्गातही या दोन्ही रीती नांदतात. महादेव कोळी, ठाकर घरांतून येणारी मुले पावसाचे, पानांचे, वाटांचे कितीतरी शब्द घेऊन येतात. परीक्षेत मात्र गाइडातला एकच परिच्छेद उत्तरपत्रिकांमागून उत्तरपत्रिकांत उगवतो. तो टवटवीत असतो, बिनचूक असतो, गुणही मिळवतो.

एवढ्यावरून या मुलांना लिहिता येत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण वेल तसे म्हणू देत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तिच्यात जिबरेलिन हे संप्रेरक पुरेसे तयार होत नाही, म्हणून ती फुलत नाही. ते बाहेरून फवारले तेव्हा तिला फुले आली. म्हणजे फुलण्याची क्षमता गेलेली नव्हती. ती जागी करणारे काहीतरी कमी पडत होते.

गेल्या सत्रात एका मुलीने निसर्गकवितेवरच्या उत्तरात, भात पोटरीला येतानाच्या वाऱ्यासाठी आजीकडचा एक शब्द वापरला. तो आमच्या हाताशी असलेल्या कोशांत मिळाला नाही. त्याला गुण द्यावेत की नाहीत, यावर स्टाफरूममध्ये अर्धा तास वाद झाला. आम्ही ते दिले, आणि तो शब्द वहीत टिपून ठेवला.