थोडे खरखरीत राहू द्या!

गुळगुळीतपणाचे माणसाला मोठे वेड. हनुवटीपासून संभाषणापर्यंत सारे त्याला गुळगुळीत हवे असते. पण ही गुळगुळीत वस्तू तयार कशी होते, हे पाहायचे असेल तर सुताराच्या 'सँडर'कडे, म्हणजे लाकूड घासायच्या यंत्राकडे, पाहावे.

या यंत्राचे सारे कर्तृत्व त्याला लावलेल्या पॉलिशपेपरात असते. 80 नंबरचा पेपर जाड कणांचा. तो जुने पॉलिश खरवडून काढतो. मग 120, शेवटी 220. नंबर वाढेल तसा कण बारीक. प्रत्येक पेपराने आधीच्याचे ओरखडे पुसायचे आणि आपले मागे ठेवायचे. गुळगुळीतपणा म्हणजे काय, तर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे!

यंत्रांचेही स्वभाव असतात. पट्ट्याचे यंत्र लाकडाच्या रेषेने सरळ धावते. जाड सागवानी फळी त्याच्या हवाली करावी. प्लायवूडवर मात्र वरचा शोभेचा पापुद्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. तिथे हे महाशय क्षणभर रेंगाळले की आतले दारिद्र्य उघडे! गोल चकतीचे यंत्र फिरता फिरता डुलतेही. त्याला दिशाच नसल्यामुळे, चौकटीत आडवे-उभे लाकूड मिळते त्या सांध्यावरही ते आडवे चरे पाडत नाही. कोरीव पायापुढे मात्र दोन्ही यंत्रे हात टेकतात. तिथे पेपराची घडी बोटाला गुंडाळून घासावे लागते.

गेल्या उन्हाळ्यात वडिलांचे टेबल मुलीसाठी घासायला काढले. वडील मास्तर. उत्तरपत्रिका तपासताना सांडलेल्या तांबड्या शाईचा त्यावर डाग होता. सुतार तोंडाला फडके बांधून बसला. ते योग्यच, लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1995 मध्ये दिलेला आहे. डागापाशी येताच त्याने यंत्र थांबवले.

"सर, शाई खोल मुरलीय. पुरती काढायची तर सूतभर लाकूड उतरवावं लागेल."

मी बोलण्याआधीच मुलगी म्हणाली, "तेवढा राहू द्या."

कारण तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी मात्र 400 नंबरचा पेपर फिरवण्याचा आग्रह धरला. सुतार हसला. "जास्त घासलं की लाकूड रंग पीत नाही, साहेब!"

हे वाक्य मी मराठीच्या तासाला अनेकदा सांगतो. रंग मुरायला लाकूड थोडे उघडे, थोडे खरखरीत राहावे लागते. भाषेचेही तसेच. गाइडावर घासघासून चकचकीत केलेले निबंध दरवर्षी माझ्यापुढे येतात. त्यांत शुद्धलेखनाची चूक नसते, गावाकडचा शब्द नसतो, लिहिणाराही नसतो. तांबडी शाई हातात घेऊन मी बसतो आणि वाटते, यांना घासणाऱ्याने 220 वर थांबायला हवे होते!